बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा

ज्युबिलीच्या पुस्तिकेत धर्मगुरूने एखाद्या संताचे चरित्र लिहावे, अशी वहिवाट आहे. या खेपेस आम्ही ती किंचित मोडून एका वकिलाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. वकील म्हटला की भाविकांच्या कपाळी आठी उमटते हे आम्ही जाणतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा उपदेश आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. परंतु गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे, उसाच्या फडात कोयता चालविणारे, गवंड्याच्या हाताखाली राबणारे असे पुष्कळ लोक आपल्या गडमुडशिंगीत व आसपास आहेत. त्यांच्या घरी थकलेल्या पगाराचा किंवा अपघाताच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला, म्हणजे पायरी चढायची इच्छा असो वा नसो, कायदा दाराशी येऊन बसतोच. अशा घरांस काका बॅप्टिस्टांचे नाव ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. ते कॅथलिक होते, घरची बोली त्यांची मराठी होती, आणि गरिबाच्या न्यायाचा विचार त्यांनी नुसत्या दानधर्माच्या अंगाने न करता हक्काच्या अंगाने केला.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत, माझगावच्या माथारपाखाडीत झाला. त्यांचे घराणे मूळचे साष्टीतील उत्तन गावचे. साष्टी-वसईकडील हा ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा पावला, तरी त्याची भाषा, शेतीभाती, लग्नातली गाणी ही सर्व मराठी मुलखाचीच राहिली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, म्हणजे १८८७ साली, या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. त्यात राजनिष्ठेचा भाग होता, हे लपविण्याचे कारण नाही. मुंबईतील कॅथलिक माणसाचा चरितार्थ त्या काळी बहुतांशी सरकारी कचेऱ्यांवर व इंग्रजी पेढ्यांवर चाले, आणि राज्यकर्त्यांच्या विरुद्ध जाणे त्याला परवडत नसे. काकांच्या पुढील आयुष्याचे मोल समजण्यास ही पार्श्वभूमी ध्यानी ठेवावी लागते.

माझगावच्या सेंट मेरीज विद्यालयात व पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून जोसेफ सिंधमध्ये जंगलखात्याचे अधिकारी झाले. पगार चांगला, मान मोठा, आणि शेवटी पेन्शन. असे असता ती नोकरी सोडून त्यांनी विलायतेचा रस्ता धरला, केंब्रिज येथे राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि १८९९ साली ते बॅरिस्टर झाले. त्या दशकात इंग्लंडात आयर्लंडच्या स्वराज्याचा प्रश्न धगधगत होता. आयर्लंड हे कॅथलिक शेतकऱ्यांचे राष्ट्र. त्याच्या मागणीस होमरूल हे नाव होते. तेच नाव पुढे काकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानात आणले. स्वदेशी परतल्यावर त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, सरकारी लॉ कॉलेजात अध्यापन केले आणि १९०१ पासून मुंबई म्युनिसिपालिटीत ते नगरसेवक झाले.

येथे चरित्राचा धागा क्षणभर सोडून एका पत्राविषयी सांगणे अवश्य आहे. काकांच्या उमेदीच्या काळात, १५ मे १८९१ रोजी, पोप महाराज तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या स्थितीविषयी सर्व ख्रिस्तसभेस एक विश्वपत्र धाडले. त्याच्या आरंभीच्या लॅटिन शब्दांवरून ते रेरुम नोवारुम या नावाने ओळखले जाते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महाराजांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही याच पत्राच्या स्मरणाने. पत्राचा आशय थोडक्यात असा: मालमत्ता बाळगणे हा माणसाचा हक्क आहे, यास्तव मालमत्ता नष्ट करू पाहणारा समाजवाद चूक, परंतु मजुराचे श्रम ही बाजारातली जिन्नस नव्हे. दोघांनी राजीखुशीने ठरविलेली मजुरी तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही, कारण उपाशी माणसाची राजीखुशी ही खरी राजीखुशी नव्हे. काटकसरीने वागणाऱ्या श्रमिकाचा निर्वाह तीतून झाला पाहिजे. श्रीमंतास स्वतःचे रक्षण करण्याची साधने असतात, म्हणून सरकारने दुर्बळाची काळजी विशेष वाहावी. आणि श्रमिकांस आपले संघ स्थापण्याचा हक्क निसर्गतःच आहे, मग त्या संघांत मालक असोत वा केवळ श्रमिकच असोत. सरकारला तो हक्क हिरावून घेता येत नाही.

काकांनी प्रत्येक पाऊल हे पत्र हाती धरून टाकले, असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे चरित्र व हे पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचले असता एकच प्रश्न दोन्हीकडे दिसतो, इतकेच आम्हांस दाखवायचे आहे. तो प्रश्न असा की, कायदा जेव्हा बलवानाच्या हातचे शस्त्र होतो, तेव्हा न्यायप्रिय माणसाने काय करावे?

हा प्रश्न काकांपुढे उघडपणे उभा राहिला तो १९०८ साली. केसरीतील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. बॅप्टिस्टा हे टिळकांचे मित्र व कायदेशीर सल्लागार. सरकारने विशेष ज्युरी मागितली, तेव्हा तिला विरोध करण्यास तेच कोर्टापुढे उभे राहिले. मुद्दा साधा होता. लेख मराठीत, विशेष ज्युरीत भरणा युरोपियनांचा, ज्यांना मराठी येत नाही त्यांनी मराठी लेखातील अर्थाचा निवाडा भाषांतरावरून करावा, हा कसला न्याय? अर्ज सरकारचा मान्य झाला. न्यायमूर्ती दावर हे आसनावर होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील म्हणून ज्यांनी त्यांस जामीन मिळवून दिला, तेच हे दावर. आता जिनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. नऊ ज्युरींपैकी सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोन पारशांनी निर्दोष म्हटले, आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नियमांचा सर्व सोपस्कार यथासांग पार पडला होता.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत संत थॉमस अक्वायनस यांचा कायद्याविषयीचा सिद्धान्त आम्हांस घोकून घ्यावा लागला: कायदा म्हणजे लोकहितासाठी केलेली विवेकाची योजना, विवेकाशी फारकत घेतलेला कायदा हा कायदा नसून कायद्याचा विपर्यास होय. परीक्षेपुरते ते पाठ होते. परंतु ज्युरीची भाषा एक, आरोपीची दुसरी, हा प्रसंग वाचला तेव्हा संतांचे म्हणणे आम्हांस अधिक उमगले.

त्या शिक्षेनंतर जे घडले त्याचा संस्कार काकांवर निश्चित झाला असला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार रस्त्यावर आले. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवस त्यांनी संप पाळला. गोळीबार झाला, माणसे मेली. हे कामगार कोण? कोकणातले, साताऱ्याकडचे, आमच्या कोल्हापूरकडचे. त्यांना युनियन नव्हती, फंड नव्हता, बहुतेकांस अक्षरओळखही नव्हती. न्यायालयात जे बॅरिस्टरांस साधले नाही, ते या लोकांनी निदान सहा दिवस जगाच्या कानी घातले. पुढे त्यांच्यातील कितीकांचे नातू-पणतू १९८२ च्या दीर्घ संपानंतर गिरण्या बंद पडून गावी परतले. अशी घरे आपल्या जिल्ह्यात आजही आहेत.

टिळक १९१४ साली सुटून आले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली, तिचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे व चिटणिशी नरसिंह चिंतामण केळकरांकडे आली. टिळकांसारख्या कर्मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्राह्मण पुढाऱ्याने आपल्या संस्थेच्या शिरोभागी एक कॅथलिक बसवावा, आणि राजनिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातील कॅथलिकाने ते पद स्वीकारावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. होमरूलच्या चळवळीचे जनक म्हणून काकांचे नाव घेतले जाते ते यामुळे.

आमच्या कोल्हापूरच्या वाचकास टिळकपक्षाचे नाव काढताच वेदोक्ताचे प्रकरण आठवेल व राजर्षी शाहू छत्रपतींची बाजू मनात उभी राहील. ते स्वाभाविकच आहे. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाने कायद्याकडून जे न्यायाचे काम करून घेतले, तसे त्या काळी फार थोड्यांनी केले. आणि सामाजिक न्यायाच्या बाबतीत आम्ही शाहू महाराजांस टिळकांहून वरचे आसन देऊ. मैत्री टिळकांशी असूनही काकांचा ओढा हळूहळू स्वराज्याच्या सभेतून मजुरांच्या चाळीकडे वळला, हे मात्र येथे नोंदविले पाहिजे.

१९१७ साली लीगच्या वतीने काका विलायतेस गेले, आणि तेथे त्यांनी मुख्यतः गाठीभेटी घेतल्या त्या मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांच्या. हिंदुस्थानचे स्वराज्य व इंग्रज मजुराचा न्याय यांचा संबंध त्यांनी त्यांस पटवून दिला. मुंबईत त्यांनी टपालवाल्यांची व गिरणी कामगारांची बाजू घेतली. लोक त्यांना काका म्हणत ते याच कामामुळे. बॅरिस्टराला साहेब म्हणण्याच्या त्या दिवसांत या संबोधनाला अर्थ होता.

मजुराची बाजू घेणे म्हणजे त्या वेळी काय, हे आजच्या तरुणांस सांगितले पाहिजे. १८५९ चा तेरावा कायदा तेव्हा अंमलात होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास वा मजुरास मालक मॅजिस्ट्रेटापुढे उभा करू शके. उचल फेड किंवा काम पुरे कर असा हुकूम होई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. उलट मालकाने मजुरी बुडविली, तर तिच्यासाठी कैद नव्हती. मजुराने दिवाणी दावा लावावा आणि तारखा मोजीत बसावे. एकाच कराराचे दोन पक्ष, त्यांतील एकाच्या चुकीस तुरुंग व दुसऱ्याच्या चुकीस तारीख! हा कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. तथापि उचल हा शब्द आपल्या उसाच्या मुलखातून गेलेला नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल एका गळितात फिटली नाही, म्हणून पुढच्या गळितासाठी बांधले गेलेले जोडपे ज्याने पाहिले नाही, असा माणूस ऊसकऱ्यांच्या गावात विरळा.

संघ स्थापणेही धोक्याचे होते. १९२० साली मद्रासेत बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात कामगारांचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी हायकोर्टातून मनाई हुकूम आणला. कामगारांस करार मोडण्यास चिथविले, हा आरोप. म्हणजे पोप महाराजांनी जो हक्क निसर्गदत्त म्हटला, तो आपल्या देशात न्यायालयाच्या लेखी अपराध होता.

अशा वेळी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईच्या एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपतराय. संस्थापकांत नारायण मल्हार जोशी, दिवाण चमनलाल व जोसेफ बॅप्टिस्टा. टिळक त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला निवर्तले होते. दुसरे अधिवेशन १९२१ च्या अखेरीस झरिया येथे भरले, त्याचे अध्यक्ष काका होते. झरिया हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९०१ च्या खाणकायद्यात कामाच्या तासांस मर्यादा नव्हती. पुरुषांबरोबर बायकाही जमिनीखाली कोळसा वाहत. खाणमालकांस या अधिवेशनाची मोठी धास्ती वाटली होती. मुंबईचा बॅरिस्टर दीड हजार किलोमीटरांवर त्या काळ्या धुळीत जाऊन खाणकामगारांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसला, हे चित्र आमच्या मनातून जात नाही. १९२३ साली नवा खाणकायदा झाला. जमिनीखालील कामास आठवड्याला ५४ तासांची मर्यादा पडली आणि तेरा वर्षांखालील मुलांस खाणीत उतरविणे बंद झाले. त्याच वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदाही आला. या सुधारणांचे श्रेय एका माणसाचे नाही. जोशींसारखे विधिमंडळात झगडणारे होते, आणि १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा दाबही होता. त्याच संघटनेच्या जिनीव्हा येथील १९२४ च्या परिषदेस हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून काका गेले.

१९२६ साली ट्रेड युनियनचा कायदा मंजूर झाला. सात माणसांनी अर्ज करावा आणि संघाची नोंदणी व्हावी, इतके ते सोपे झाले. नोंदलेल्या संघाच्या माणसांस संपासाठी एकत्र येण्याबद्दल कट केल्याचा आरोप लागू नये, वाडियांवर आला तसा दावा चालू नये, अशी त्यात तरतूद होती. जवळजवळ शंभर वर्षे या देशातील कामगारसंघांस तोच कायदा आधार होता. १९५० च्या राज्यघटनेने संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य मूलभूत हक्कांत घातले आणि निर्वाहवेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरविले. लिओ महाराजांचे पत्र ज्याने वाचले आहे, त्यास ही कलमे परकी वाटणार नाहीत.

काकांवर टीकाही झाली, आणि ती येथे गाळणे योग्य होणार नाही. ते सनदशीर मार्गाचे होते. वाटाघाट, लवाद, कायदा यांवर त्यांचा विश्वास. १९२८ च्या गिरण्यांच्या मोठ्या संपापासून गिरणगावाचे पुढारीपण लाल बावट्याच्या तरुणांकडे गेले, आणि काकांच्या पिढीचे पुढारी त्यांस मवाळ भासू लागले. बॅरिस्टरांनी वरून खाली हात द्यावा, यापेक्षा कामगाराने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हे त्या तरुणांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. परंतु मालक व मजूर हे जन्माचे वैरी आहेत, हा त्यांचा सिद्धान्त ख्रिस्तसभेने कधी मानला नाही, आणि आम्हांसही तो मान्य नाही. गोकुळ शिरगावात शंभर माणसे कामास ठेवणारा कारखानदार व त्याच्या भट्टीपुढे घाम गाळणारा मजूर एकाच रविवारी एकाच मिस्सेस येऊ शकतात. दोघेही एकाच पवित्र भाकरीस हात पुढे करतात. मात्र त्याआधी शनिवारी हिशेब चुकता झालेला असला पाहिजे. आपल्या जुन्या धर्मशिक्षणात स्वर्गाकडे दाद मागणारी म्हणून जी चार पापे शिकविली जात, त्यांत मनुष्यवधाच्या पंक्तीला गरिबांचा छळ व मजुराची मजुरी बुडविणे ही दोन बसविली आहेत. पुष्कळांस चोरी हे पाप वाटते, पण थकविलेला पगार हा केवळ व्यवहार वाटतो. पापनिवेदनाची तयारी करताना कारखानदारांनी, ठेकेदारांनी, आणि मोलकरीण ठेवणाऱ्या गृहिणींनीही ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी, एवढे आम्ही येथे ओघात सांगून ठेवितो.

१९२५ साली काका मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष निवडले गेले. पुढे १९३१ पासून याच पदास महापौर हे नाव पडले. माथारपाखाडीतल्या एका मुलास मुंबई शहराने दिलेला हा सर्वांत मोठा मान. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते प्रभूच्या घरी गेले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे; ज्या गिरण्यांसाठी ते झगडले त्या परळ-लालबागच्या गिरण्या तेथून फार दूर नव्हत्या.

माझगावच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीवरील उद्यानास जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव देण्यात आले आहे. ते उद्यान व खालची गोदी पाहण्याची ज्यांस इच्छा असेल, त्यांनी महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापुराहून निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे, तेथून हार्बरची लोकल धरावी. डॉकयार्ड रोड हे तिसरे स्टेशन. टेकडी स्टेशनाला लागूनच आहे.